खिडकीतून फेकलेले तीन दगड

सेमिस्टर संपतं, होस्टेलची खोली रिकामी करायची वेळ येते आणि मग कळतं, वर्षभरात आपण काय काय जमवून ठेवलंय. कॉटखाली बुटांचे तीन जोड, त्यातला एक धड घातलेलाच नाही. सेलमध्ये स्वस्त मिळाले म्हणून घेतलेले टी-शर्ट. फेस्टमध्ये फुकट वाटलेल्या बाटल्या आणि पिशव्या. कुठल्या मोबाइलचे ते आता आठवतही नाही असे चार्जर. कधीतरी लागतील म्हणून जपलेली रिकामी खोकी. येताना दोन बॅगा घेऊन आलेलो आपण, जाताना टेम्पो शोधत असतो.

अशा वेळी आठवावा असा एक माणूस १८० वर्षांपूर्वी अमेरिकेत एका तळ्याकाठी राहत होता. त्याच्या टेबलावर चुनखडीचे तीन दगड होते, नुसते शोभेचे. काही दिवसांनी त्याच्या लक्षात आलं, की या दगडांवरची धूळ रोज पुसावी लागतेय. मनात साचलंय त्याची झाडलोट करायची राहून जातेय आणि आपण दगड पुसत बसलोय! तो वैतागला. त्याने तिन्ही दगड उचलले आणि खिडकीबाहेर भिरकावून दिले.

या माणसाचं नाव हेन्री डेव्हिड थोरो. निसर्गावर लिहिणारा लेखक म्हणून आणि सविनय कायदेभंगाची कल्पना मांडणारा विचारवंत म्हणून जग त्याला ओळखतं. पण त्याआधी तो तुमच्यासारखाच एक पदवीधर होता. हातात डिग्री होती आणि पुढे काय करायचं ते ठरत नव्हतं.

विकून टाकलेली होडी

थोरोचा जन्म १२ जुलै १८१७चा, मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या कॉन्कर्ड गावातला. वडिलांचा पेन्सिली बनवायचा छोटा कारखाना होता. घरची परिस्थिती बेताची, तरी हुशार पोराला घरच्यांनी हार्वर्डला पाठवलं. १८३७ मध्ये, विशीत, तो पदवी घेऊन बाहेर पडला. ते आर्थिक मंदीचं वर्ष होतं. तरीही त्याला गावच्या शाळेत नोकरी मिळाली. ती त्याने जेमतेम दोन आठवड्यांत सोडली. पोरांना छड्या मारायला सांगितलं होतं, ते त्याला पटलं नाही.

मग त्याने थोरला भाऊ जॉनबरोबर स्वतःची शाळा चालवली. जॉन त्याचा जिवलग. १८३९च्या उन्हाळ्यात दोघांनी स्वतःच्या हातांनी होडी बांधली आणि कॉन्कर्ड व मेरिमॅक या नद्यांवरून दोन आठवडे भटकून आले. अडीच वर्षांनी, जानेवारी १८४२ मध्ये, दाढी करताना जॉनला वस्तरा लागला. जखम अगदी साधी, पण धनुर्वात झाला आणि काही दिवसांत हेन्रीच्या हातांत त्याने प्राण सोडला. हेन्री २४ वर्षांचा होता.

भावाची एवढी मोठी आठवण म्हणजे ती होडी. आपण काय केलं असतं? जपून ठेवली असती. थोरोने त्याच वर्षी ती गावात नव्याने राहायला आलेल्या नॅथॅनियल हॉथॉर्न या लेखकाला सात डॉलरला विकली. भावाची आठवण त्याला दुसऱ्या प्रकारे ठेवायची होती. त्या प्रवासावर त्याला पुस्तक लिहायचं होतं. त्यासाठी हवा होता वेळ आणि एकांत, आणि नेमकं तेच मिळत नव्हतं. कारखान्यातलं काम, शिकवण्या, लोकांच्या घरची किरकोळ कामं यांत दिवस जात होते.

अठ्ठावीस डॉलरचं घर

मार्च १८४५ मध्ये थोरोने एक कुऱ्हाड उसनी घेतली आणि वॉल्डन तळ्याकाठची पाइनची झाडं तोडायला सुरुवात केली. जमीन त्याचा मित्र आणि गुरू, लेखक राल्फ वाल्डो इमर्सन याची. फळ्यांसाठी त्याने जेम्स कॉलिन्स या आयरिश रेल्वे मजुराची झोपडी सव्वाचार डॉलरला विकत घेऊन मोडली. ४ जुलै १८४५ रोजी तो राहायला गेला. घर दहा बाय पंधरा फुटांचं. पुढे कुऱ्हाड परत केली, ती आणली होती त्याहून जास्त धारदार करून.

या घराचा हिशेब त्याने सेंटापर्यंत लिहून ठेवलाय. खिळे, बिजागऱ्या, विटा, जुन्या खिडक्या, सगळं धरून खर्च आला २८ डॉलर साडेबारा सेंट. आणि हा आकडा त्याने मुद्दाम विद्यार्थ्यांपुढे ठेवला. त्या काळी हार्वर्डमध्ये एवढ्याच, फार तर थोड्या मोठ्या खोलीचं भाडं वर्षाला ३० डॉलर होतं. म्हणजे पोरं एका वर्षाच्या भाड्यात जेवढे पैसे देत होती, त्याहून कमी पैशांत याने आयुष्यभराचं घर उभं केलं.

आत सामान काय होतं, तेही त्याने लिहिलंय. एक कॉट, एक टेबल, एक लिहायचं डेस्क, तीन खुर्च्या. तीन इंचांचा आरसा. एक किटली, एक कढई, एक तवा, एक डाव. दोन सुऱ्या, दोन काटे, तीन ताटल्या, एक कप, एक चमचा. तेलाचा आणि काकवीचा एकेक बुधला, एक दिवा. संपली यादी. खिडक्यांना पडदे नाहीत, कारण आत डोकावणार ते सूर्य आणि चंद्र. दाराला कुलूप नाही. कुलूप होतं फक्त डेस्कला, आत लिहिलेले कागद होते म्हणून. दोन वर्षांत घरातून एकच वस्तू गेली, होमरच्या काव्याचं एक पुस्तक.

एका बाईंनी त्याला दाराशी टाकायला पायपुसणं देऊ केलं. त्याने नको म्हटलं. ते ठेवायला जागा नाही आणि झटकायला वेळ नाही, असं त्याचं म्हणणं. दारातल्या गवतावर पाय पुसले की झालं. एवढ्याशा पायपुसण्याचं काय मोठं, असं वाटेल. पण ही सवय पहिल्या वस्तूपासूनच लागते, हे त्याला कळलं होतं.

साफसफाईचा दिवस तर मजेचा. सकाळी उठून सगळं सामान बाहेर गवतावर मांडायचं, जमिनीवर पाणी ओतायचं, तळ्याची पांढरी वाळू टाकून झाडूने घासायचं. गावातल्या लोकांची न्याहारी होईपर्यंत त्याची जमीन वाळलेली असायची.

किंमत मोजायची कशात?

थोरो हे सगळं करत होता ते अंगावर भस्म फासून वैरागी व्हायला नव्हे. त्याच्या डोक्यात एक साधं गणित होतं. कुठल्याही वस्तूची खरी किंमत पैशात नसते. ती मिळवायला आणि सांभाळायला आयुष्यातले किती दिवस द्यावे लागतात, ती तिची किंमत.

हे त्याने उदाहरण देऊन मांडलंय. त्याच्या भागात साध्या घराला साधारण ८०० डॉलर पडायचे. मजुराची कमाई दिवसाला एक डॉलर धरली, तर संसाराचा भार नसला तरी एवढे पैसे साठायला १० ते १५ वर्षं लागणार. म्हणजे स्वतःचं घर होईपर्यंत निम्मं आयुष्य सरलं. गावातल्या किती शेतकऱ्यांची शेती कर्जमुक्त आहे, असं त्याने विचारलं, तर कर आकारणाऱ्यांना डझनभर नावंही सांगता येईनात. वाडवडिलांची शेती, गोठे, अवजारं वारशाने मिळालेले हे लोक त्याला अख्खं कोठार पुढे ढकलत रस्त्याने रांगणाऱ्या माणसांसारखे दिसायचे.

कपड्यांचंही तेच. शिंपिणीकडे त्याने अमुक प्रकारचा कोट शिवायला सांगितला, की ती म्हणायची, हल्ली असे शिवत नाहीत. हे न शिवणारे लोक नेमके कोण आणि माझ्या कोटाशी त्यांचा काय संबंध, असा प्रश्न थोरोला पडायचा. आज आपल्या मोबाइलवर दर महिन्याला ट्रेंड बदलणारे ते हेच लोक.

सगळ्यात बोलका किस्सा लिलावाचा. गावातला चर्चचा एक पदाधिकारी वारला. त्याच्या माळ्यावर ५० वर्षांचं सामान पडून होतं. बापाच्या काळापासून साठत आलेलं, धुळीने माखलेलं. त्यात वाळवून ठेवलेला पोटातला जंतसुद्धा होता! हे सगळं जाळून मोकळं व्हायचं, तर लोकांनी लिलाव मांडला. शेजारीपाजारी हौसेने जमले, एकेक वस्तू विकत घेतली, जपून घरी नेली आणि आपापल्या माळ्यावर टाकली. आता ते मरेपर्यंत ती तिथेच राहणार आणि मग पुन्हा लिलाव होणार.

स्वतःचा हिशेब थोरोने करून पाहिला. अडीच एकरांत घेवडा लावला, त्यात खर्च वजा जाता ८ डॉलर साडेएकाहत्तर सेंट उरले. पहिल्या आठ महिन्यांत जेवणाला ८ डॉलर ७४ सेंट लागले. जमीन मोजणी, सुतारकाम, रोजंदारी यांतून आणखी १३ डॉलर मिळाले. त्याचा निष्कर्ष असा, की वर्षातले साधारण सहा आठवडे काम केलं तर आपला खर्च भागतो. उरलेलं वर्ष आपलं. त्या उरलेल्या वेळात तो पोहला, तळ्याची खोली मोजली, सकाळी भगवद्गीता वाचली आणि भावाबरोबरच्या प्रवासाचं पुस्तक लिहून पूर्ण केलं.

तुरुंगातली एक रात्र

कमी सामानाचा आणखी एक उपयोग त्याला जुलै १८४६ मध्ये कळला. दुरुस्तीला टाकलेला बूट आणायला तो गावात गेला होता. तिथेच त्याला अटक झाली. त्याने काही वर्षं सरकारचा डोईपट्टीचा कर भरला नव्हता. जे सरकार माणसांची गुलाम म्हणून खरेदी-विक्री चालू देतं आणि मेक्सिकोवर युद्ध लादतं, त्याला पैसे द्यायचे नाहीत, ही भूमिका. एक रात्र कोठडीत काढली. सकाळी कोणीतरी परस्पर कर भरून टाकल्यामुळे सुटला. मग बूट घेतला आणि पोरांबरोबर रानात फळं वेचायला गेला.

या रात्रीतून पुढे जो निबंध आला, त्यात एक मुद्दा आपल्या विषयाचा आहे. अन्याय दिसत असूनही लोक सरकारला नाही का म्हणत नाहीत? कारण त्यांच्याकडे जप्त होण्यासारखं खूप असतं. जेवढी मालमत्ता जास्त, तेवढी भीती जास्त. ज्याच्याकडे जप्तीला नेण्यासारखं काहीच नाही, त्याला नाही म्हणणं सोपं जातं.

हा निबंध गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत वाचला आणि १९०७ मध्ये आपल्या ‘इंडियन ओपिनियन’ या पत्रातून वाचकांपुढे ठेवला. आपल्याकडे दुर्गा भागवतांनी थोरोचं ‘वॉल्डन’ मराठीत आणलं, ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ या नावाने. याच दुर्गाबाई १९७५ मध्ये कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीच्या विरोधात बोलल्या आणि पुढे तुरुंगात गेल्या.

पण थोरो संत नव्हता

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, एकट्या माणसाला हे सोपं आहे. बरोबर आहे. थोरोने लग्न केलं नाही, त्याला पोरंबाळं नव्हती. तळ्यापासून गाव दीडेक मैलावर. तो वरचेवर आईकडे जेवायला जायचा. जागा मित्राची फुकट मिळालेली. त्याच्या साधेपणाच्या मागे अशी बरीच माणसं उभी होती.

त्याचा एक प्रसंग तर वाचताना खटकतो. पावसात तो जॉन फील्ड नावाच्या आयरिश मजुराच्या घरात आडोशाला थांबला. घर गळतंय, बायको आणि बरीच पोरं, हा दुसऱ्याच्या दलदलीच्या जमिनीत राबणारा. थोरोने त्यालाच उपदेश सुरू केला, की चहा, कॉफी, लोणी, मांस सोड, म्हणजे एवढं राबावं लागणार नाही. नवरा-बायको ऐकत राहिले. त्यांच्या डोक्यात ते शिरलं नाही, असं थोरो लिहितो. शिरणार कसं? त्यांच्याकडे सोडायला होतं काय?

ज्याची झोपडी थोरोने विकत घेतली, तो जेम्स कॉलिन्स आठवा. ठरल्या दिवशी पहाटे सहाला ते कुटुंब त्याला रस्त्यात भेटलं. गादी, कॉफी दळायचं यंत्र, आरसा, कोंबड्या, सगळा संसार एका गाठोड्यात. मागे राहिली फक्त मांजर. त्यांचं गाठोडं आणि थोरोच्या तीन खुर्च्या, दोन्हीकडे सामान कमीच. पण थोरोने ते निवडलं होतं. कॉलिन्सला निवड नव्हती. कमी वस्तूंत राहा, हा सल्ला ज्याच्याकडे जास्त आहे त्यानेच स्वतःला द्यायचा असतो.

घरात आली ७०६ पुस्तकं

सप्टेंबर १८४७ मध्ये, दोन वर्षं दोन महिने झाल्यावर, थोरो तळं सोडून गावात परतला. आपल्याला आणखीही आयुष्यं जगायची आहेत, असं त्याला वाटलं. नदीप्रवासाचं पुस्तक १८४९ मध्ये स्वतःच्या पैशांच्या हमीवर छापलं गेलं. हजार प्रती. विकल्या गेल्या दोनशे-सव्वादोनशे. १८५३ मध्ये प्रकाशकाने जागा अडते म्हणून उरलेल्या ७०६ प्रती बग्गीत भरून त्याच्या घरी पाठवल्या. पायपुसणं नाकारणारा माणूस ते गठ्ठे पाठीवरून दोन जिने चढवून माळ्यावरच्या आपल्या खोलीत घेऊन गेला. या पुस्तकापायी त्याला खिशातून २९० डॉलर भरावे लागले. भावासाठी लिहिलेलं पुस्तक अडगळ होऊन घरी आलं होतं. त्याने त्यावर विनोद केला, की माझ्या संग्रहात जवळपास नऊशे पुस्तकं आहेत, त्यातली सातशेहून जास्त मीच लिहिलेली. आणि त्याच संध्याकाळी रोजच्यासारखा लिहायला बसला.

त्या माळ्यावर इतरही खूप होतं. शेतात सापडलेले आदिवासींच्या बाणांचे दगडी फाळ, पक्ष्यांची अंडी, वाळवून कागदाला चिकटवलेल्या शेकडो वनस्पती. फिरताना सापडलेली रोपं ठेवता यावीत म्हणून त्याने टोपीत आतून कप्पा केला होता. १८५५ मध्ये एका इंग्रज मित्राने ४४ पुस्तकांची पेटी भेट पाठवली. त्यात उपनिषदं होती, विष्णुपुराण होतं, गीता होती. ती ठेवायला थोरोने नदीत वाहत आलेल्या फळ्यांचं कपाट केलं.

मग हा पसारा नव्हता का? फरक एवढाच, की यातली प्रत्येक वस्तू तो हाताळत होता. कुठलं फूल कुठल्या तारखेला उमललं, हे वर्षानुवर्षं नोंदवत होता. आज हवामानबदलाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ त्याच्या त्या नोंदी वापरतात. शोभेचे दगड त्याला सांभाळायला लावत होते. हे दगड त्याला शिकवत होते.

‘वॉल्डन’ १८५४ मध्ये आलं, तेही हळूहळूच खपलं. डिसेंबर १८६० मध्ये झाडांच्या बुंध्यांची वर्तुळं मोजताना त्याला सर्दी झाली. आधीपासूनचा क्षय बळावला. शेवटच्या महिन्यांत तळ्याकाठची ती जुनी वेताची कॉट त्याने खालच्या दिवाणखान्यात आणून घेतली. ६ मे १८६२ रोजी, ४४व्या वर्षी, तो गेला. बाणांचे फाळ आणि वनस्पती बॉस्टनच्या निसर्ग-इतिहास संस्थेला गेल्या. ती कॉट, डेस्क आणि एक खुर्ची आज कॉन्कर्डच्या संग्रहालयात आहे.

आणि ते घर? ते आधी इमर्सनने घेतलं, मग एका शेतकऱ्याने उचलून आपल्या शेतात नेलं आणि त्यात धान्य साठवलं. म्हणजे शेवटी त्याचं कोठारच झालं. घराची मूळ जागाही लोक विसरत चालले होते. १८७२ मध्ये थोरोच्या एका जुन्या मित्राने खूण म्हणून तिथे दगड ठेवायला सुरुवात केली. तेव्हापासून जगभरातून येणारे चाहते एकेक दगड ठेवून जातात. तिथे आता दगडांचा मोठा ढीग झालाय.

तीन दगड फेकून देणाऱ्या माणसाच्या अंगणात हजारो दगड! थोरो असता तर हसला असता, आणि पहिला प्रश्न विचारला असता, की यांची धूळ कोण पुसणार? पुढच्या वेळी सेलमधली एखादी वस्तू कार्टमध्ये टाकताना आपणही एवढंच विचारून बघायचं. ही घ्यायला किती दिवस राबावं लागेल, आणि घेतल्यावर हिची धूळ किती वर्षं पुसावी लागेल. उत्तर पटलं तर खुशाल घ्या. नाही पटलं, तर तेवढे दिवस तुमचे.